जास्वंदीवरची विभूती

उस्मानपुऱ्यातल्या भानुमतीबाईंच्या गॅलरीत सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. होतं काय, तर जास्वंदीची एक कुंडी, फांदीला कडूबा महाराजांनी दिलेली लाल पुरचुंडी बांधलेली. तिच्या फांद्यांवर पांढरी विभूती प्रकटली होती आणि पानांवर गोड तीर्थ चमकत होतं. बायका पानावर बोट फिरवून चाटत होत्या. भानुमतीबाईंची सून चारुता दारातून ते पाहत होती.

"लाल पुरचुंडी बांधली तिथं देव उतरला!" कडूबा महाराज गरजले. "पुरचुंडी उघडायची नाय, झाड धुवायचं नाय. साबण, कडुनिंब लागला की देव गेला! मुंग्यांनासुद्धा प्रसाद कळतो, बघा कशी रांग लागलीय! या तीर्थानं शुगर मुळापासून जाती!"

"व्हय बाई, माझ्या कुंडीतबी आली की," शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या. "पुरचुंडी बांधली अन् महिन्यात लई विभूती!"

कुणी काय चाटावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, म्हणून चारुता गप्प बसलीही असती. पण सासूबाईंनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती आणि दवाखान्याचं नाव काढलं की त्या तोंड फिरवत. आज त्यांनी पुन्हा पान तोंडाशी नेलं, तेव्हा तिला राहवलं नाही.

"आई, थांबा!" तिनं कात्रीनं पुरचुंडीचा दोरा कापला.

"बाई, कोप होईल!" महाराज ओरडले.

फडक्यात एक वाळकी काडी होती, कापूस चिकटावा तशी पांढरी. चारुतानं ती काळ्या फरशीवर झटकली. विभूतीचे कण खाली पडले आणि हळूहळू चालू लागले.

"अगं बाई, विभूतीला पाय!" गोजरबाई मागं सरकल्या.

"हा पिठ्या ढेकूण," चारुता म्हणाली. "झाडाचा रस पितो आणि मागून गोड पाणी सोडतो. तुम्ही चाटताय ती याची विष्ठा. मुंग्या त्यालाच येतात. हे महाराज किडकी काडी फडक्यात बांधून देतात, किडे बाहेर निघून झाडावर चढतात. धुवायची बंदी त्यासाठीच!"

तिनं भांड्यांचा साबण आणि थोडं कडुनिंबाचं तेल पाण्यात घुसळून फवारलं, फांद्या फडक्यानं पुसल्या. फडक्यावर देवाचा पिवळा चिकट लगदा आला. दोघीतिघी मोरीकडे धावल्या.

गोजरबाईंनी एक चिकट पान तोडून महाराजांपुढं धरलं. "घ्या, तुम्हीच चाटा आधी!"

महाराजांनी नाक मुरडून मान फिरवली आणि ते चपलाही न घालता जिना उतरले.

भानुमतीबाई चुळांवर चुळा भरत होत्या. मग अंगठ्याकडं बघत हळूच म्हणाल्या, "रिक्षा बोलाव गं."

पाय वाचला, अंगठा गेला.

आता जास्वंद पुन्हा फुललीय. नव्या बाबाची बातमी घेऊन कुणी आलं की भानुमतीबाई पट्टी बांधलेला पाय पुढं करतात. "चाटायच्या आधी नीट बघत जा गं. खरा देव असेल, तर बघितल्यानं पळून जाणार नाही."