रुळाचा बंपर

नट-बोल्टने बंपर बसवणारा माणूस मला आवडत नाही. आपल्या कामावर भरवसा नसलेलाच बोल्ट लावतो, उद्या काढायची सोय म्हणून. मी वेल्डिंग करतो. किंदिओच्या या कॉफीच्या डोंगरातल्या जुन्या विलीज जीपगाड्यांची मडगार्डं, कॅरियर, मागच्या पायऱ्या गेली तीस वर्षं मीच घडवतोय आणि माझा एकही तुकडा कधी गळून पडलेला नाही. नोएलियाबाईंच्या जीपला पुढचा बंपर बसवला, तोही मी वेल्डिंग करूनच. शुद्ध गाढवपणा होता, पण तो कळला भर चौकात.

नोएलियाबाई आमच्या गावातली एकमेव जीपवाली. नवरा गेल्यावर ती गाडी विकणार असं सगळे धरून चालले होते. तिने तिसऱ्या आठवड्यात गाडी चौकातल्या भाड्याच्या जीपच्या रांगेत उभी केली आणि वरच्या मळ्यांची माणसं, कॉफीची पोती, केळीचे घड, वेळ पडली तर डुकरंही वाहायला लागली. याला सहा वर्षं झाली. या एप्रिलमध्ये वरच्या वळणावर तिची गाडी चिखलात रुतली. मागची चाकं दरीकडे सरकायला लागली, तेव्हा मळ्यातल्या लोकांनी बैल जुंपून गाडी ओढली. हे मला दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना कळलं आणि कप हातातून सुटला. या बाईत आपला जीव गुंतलाय हे मला तेव्हा समजलं. पण छप्पन्न वर्षांच्या, एकशे अठरा किलोच्या माणसाने हे बोलायचं कसं? मी बंपर केला.

बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळाचा दीड मीटरचा तुकडा मी जपून ठेवला होता, तो घेतला. त्यावर विंच बसवलं, म्हणजे रुतलेली गाडी झाडाला दोर बांधून स्वतःच बाहेर निघेल. दोन्ही बाजूंना दोर अडकवायला आकडे केले. पुढची मडगार्डं कापून रुंद केली आणि सगळ्याला तिच्या जीपचा लाल रंग दिला. इतकं सुंदर काम माझ्या हातून पुन्हा व्हायचं नाही.

"मिस्त्री, हे काय हो?" बाईने गाडीभोवती चक्कर मारली. "मी आरसा नीट करायला सांगितला होता."

"आरसापण केलाय."

"आणि हा चर्चचा उंबरठा कुणी मागितला?"

"वरच्या वळणाने."

ती हसली नाही. बंपरवरून हात फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि म्हणाली, "पैसे किती?"

"आरशाचे द्या."

जूनमध्ये तिचा मुलगा हाईर शहरातून आला. कुठल्याशा हॉटेलवाल्याला बागेत ठेवायला जुनी जीप हवी होती, पाहुण्यांना फोटो काढायला. "आई, तुझं वय झालं. गाडी तिथे आरामात राहील," हा त्याचा धोशा. शेवटी बाई भडकली आणि चौकात सगळ्यांसमोर बोलून गेली, "यंदाच्या मिरवणुकीत माझ्या गाडीची पुढची चाकं उचलली नाहीत आणि दोन गिरक्या झाल्या नाहीत, तर ने तुझ्या बागेत. लाव तिच्यात फुलझाडं!"

आमच्याकडे मिरवणुकीत जीपच्या मागे इतकं सामान लादतात की पुढची चाकं हवेत जातात आणि गाडी मागच्या दोन चाकांवर भोवऱ्यासारखी फिरते. पुढचं हलकं, मागचं जड, एवढंच त्यातलं शास्त्र. पाळण्यातल्या पोरालाही ते कळतं. मला कळलं नाही. प्रेमात माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात, ते मी पुढच्या बाजूला जवळजवळ दीड क्विंटल लोखंड चिकटवून सिद्ध केलं.

मिरवणुकीतल्या गिरक्यांच्या स्पर्धेत बाईने नाव दिलं होतं घरसामानाच्या गटात. पलंग, गादी, कपाट, चूल, मक्याची चक्की, येशूची तसबीर, टोपलीत कोंबडी. ट्रंकेत वजनाला नदीची वाळू, पण ती सगळेच भरतात. प्रत्येकाला तीन संधी. पहिल्या खेपेला गाडी गुरगुरली आणि चाकं जमिनीलाच चिकटून राहिली. दुसऱ्या खेपेला वीतभर उठली आणि धप्पकन खाली आली. माझ्या बंपरचा तो आवाज माझ्या काळजात झाला.

"नोएलिया, नांगर टाकलाय का गं पुढे?" गिल्दार्दो ओरडला. हा तिच्याच रांगेतला, गेल्या वर्षीचा विजेता. "बोटीला लावतात, जीपला नाही!"

लोक खो खो हसले. हाईर मात्र हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

मी धावत गाडीपाशी गेलो. "बाई, माझी चूक. तासभर द्या, कापून काढतो."

"तास कोण देतंय, मिस्त्री?" ती म्हणाली. "पाच मिनिटं आहेत. बोल्ट का नाही लावलेत हो तुम्ही?"

माझ्यापाशी बोल्ट नव्हते. वजन मात्र होतं. मी मागे गेलो, पायरीवर चढलो, पलंगाचा पाय धरला आणि कपाटाच्याही मागे, अगदी टोकाला जाऊन बसलो. कोंबडीची टोपली मांडीवर घ्यावी लागली, दुसरीकडे जागाच नव्हती.

"सोडा क्लच!" मी ओरडलो.

गाडी उठली. आधी मला फक्त आकाश दिसलं, मग चर्चचा मनोरा, मग गिल्दार्दोचं उघडं तोंड, मग पुन्हा मनोरा. बाईने स्टीअरिंग पूर्ण वळवलं, दार उघडलं आणि बाजूच्या पायरीवर उभी राहून टोपी हलवायला लागली. गाडी एकटीच फिरत होती. एक गिरकी. दोन. कोंबडीने मांडीवर जे करायचं ते केलं. तिसरी गिरकी बाईने नुसत्या मस्तीत मारली.

चाकं टेकली आणि चौक दणाणला. तेवढ्यात गिल्दार्दो पंचांपाशी पोचला. "बाद करा! या गटात गाडीवर घरचंच सामान लागतं. हा मिस्त्री हिच्या घरचा आहे का?"

पंच होत्या शाळेच्या मुख्याध्यापिका, नियमाला पक्क्या. त्यांनी चष्मा वर केला. "नोएलियाबाई, मुद्दा बरोबर आहे. हा माणूस तुमच्या घरचा आहे?"

मी कपाटामागे अंग चोरून बसलो होतो आणि मला मान वर करायची हिंमत नव्हती. हरली तर गाडी जाणार, आणि तीही माझ्या पायी.

बाईने टोपी डोक्यावर ठेवली. "लिहा, घरचा आहे," ती म्हणाली. "एप्रिलपासूनच आहे. बोलता येत नाही म्हणून लोखंड जोडत बसतो बिचारा."

हसण्याचा केवढा कल्लोळ उठला. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीत लिहिलं. हाईर पुढे आला, बंपरवर थाप मारून कपाटामागे आला, त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "काका, पुढचं डावं चाक जरा डुगडुगतंय. घरी गेल्यावर बघा."

मी टोपली बाजूला ठेवून उतरायला लागलो.

"उतरू नका, एलियोदोरो," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मला नावाने कधी हाक मारली नव्हती. "सामान घरी पोचेपर्यंत गाडीतच राहतं." आणि तिने गिअर टाकला.