उजवा की डावा

टिटवीला टिटवी म्हणायला सुरुवात तिच्या आत्याने केली, कारण ही पोरगी जन्मल्यापासून गप्प बसलीच नव्हती. आता ती सोळा वर्षांची होती, शाळेच्या वादविवादात ढाल जिंकून आली होती आणि घरात कुणी काहीही विचारलं की उत्तर आधी हिचंच. पण गेले तीन आठवडे ती जरा जास्तच बोलत होती. बोलणं थांबलं की भीती वाटायची, आणि हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

भीतीला कारण होतं. आत्याची शिडाची बोट होती, तिघांना निवांत झोपता येईल एवढी. बाबा आणि आत्या, सख्खे भाऊबहीण, सुट्टीत तिच्यातून आठ-आठ दिवस भटकायचे आणि वर्षभरापासून टिटवीही त्यांच्याबरोबर असायची. तीन आठवड्यांपूर्वी परत येताना बंदराच्या तोंडाशी आत्याने वेग कमी करायला गियर मागे टाकला, पाण्याखाली ठक्क झालं, आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. बोट जागची हलेना. इंजिनातून पाण्यात जाणाऱ्या दांड्यावरचा नट ढिला होऊन टोकाचा प्रोपेलर समुद्राच्या तळाशी गेला होता. डाव्या हाताला खडक होते. काळे, ओले, आणि दर लाटेगणिक थोडे आणखी जवळ आलेले. आत्याने कसंबसं पुढचं शीड अर्धं उघडलं आणि बोट वाचली. बाबा नंतर म्हणाले की खडकांना नुसता नमस्कार करून आलो. टिटवीही हसली होती, पण आंघोळीच्या बादलीत पाणी पडायला लागलं तरी तिला ते खडक दिसत.

म्हणूनच नवा पंखा निवडायची वेळ आली तेव्हा ती सगळ्यात पुढे होती. पंखा म्हणजे प्रोपेलरच. गोदीत सगळे त्याला पंखाच म्हणत. पंखा चांगला असेल तर पुन्हा तसं होणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

पंखेवाल्याचं दुकान गोदीच्या मागच्या गल्लीत होतं. आत भिंतभर पितळी पंखे टांगलेले, बशीएवढ्यापासून परातीएवढ्यापर्यंत. पंखेवाला उतारवयाचा, बोलायला कंजूष. त्याने एक पंखा खुंटीवरून काढून त्यावर लाकडी हातोडी हळूच मारली तर तो घंटेसारखा वाजत राहिला. मग दुसरा जुना घेऊन त्यावर मारली, तर फुटक्या मडक्यासारखा थप्प. खाऱ्या पाण्याने आतून खाल्लाय, म्हणाला, दिसायला ठणठणीत. टिटवीने तो जुना पंखा लांब सरकवला.

मग भाऊबहिणीची जुंपली. आत्याला दोन पात्यांचा हवा होता. शिडावर चालताना दोन पाती पाण्याला कमी अडवतात, आणि आपण शिडाची बोट घेतलीय की फेरीबोट, असं तिचं म्हणणं. बाबांना तीन पात्यांचा हवा होता, कारण इंजिन लागतं तेव्हा त्याला रेटा हवा. त्यावर आत्याने विचारलं की रेटा बोटीला हवाय की दादाच्या धीराला. छत्रीसारखा मिटणाराही एक होता, पण त्याची किंमत ऐकून दोघांनी एकदमच तो परत खुंटीवर लावला. शेवटी टिटवीने ठणकावून तीन पाती असं सांगितलं आणि आत्याने तिच्याकडे जरा निरखून बघितलं. मग हो म्हणाली. पोरीच्या आवाजात काय होतं ते तिने ओळखलं असावं.

मापं टिटवीनेच आणली होती. बोट गोदीत ठोकळ्यांवर चढवलेली असताना तिने पुठ्ठ्याची गोल चकती कापून बुडाखाली धरून बघितली होती. सोळा इंच, भोवती बोटभर मोकळी जागा सोडून. पंखेवाल्याने वहीत लिहिलं आणि वर न बघता विचारलं, "उजवा की डावा?"

पंखा कुठल्या बाजूला फिरतो त्यावर हे ठरतं: घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला तर उजवा, उलटा फिरला तर डावा. बोट पाच वर्षांपूर्वी कुणाकडून तरी जुनी घेतलेली, कागद अर्धेच, जुना पंखा समुद्रात. मग बघायचं कसं? टिटवीने तेही केलं होतं. सकाळी आत्याला वर गियरच्या लिव्हरपाशी उभं करून ती आत शिरली, इंजिनावरची फळी उचलली, इंजिनाला पाठ लावून बसली आणि आत्याने गियर पुढे टाकल्यावर दांडा कसा फिरतो ते डोळे फाडून पाहिलं. घड्याळाच्या काट्यांच्या उलटा.

"डावा," ती म्हणाली.

बहुतेक बोटींचे उजवेच असतात, असं पंखेवाला पुटपुटला. नक्की का?

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

पोरीने बघितलंय म्हणजे बघितलंय, असं आत्याने सांगून टाकलं, आणि टिटवीची छाती इंचभर फुगली.

पुढच्या बुधवारी डावा पंखा बसला. गुरुवारी सकाळी क्रेनने बोट उचलून पाण्याच्या खाचेत सोडायची होती. खाच म्हणजे धक्क्यातच कापलेली अरुंद जागा: दोन्ही बाजूंना दगडी भिंती, पाठीमागे तिसरी, आणि समोर खुला समुद्र. वारा समुद्रावरून येत होता, म्हणजे बोटीला मागच्या भिंतीकडे ढकलत होता. बोट पाण्यात उतरली तसे बाबा त्या मागच्या भिंतीतल्या लोखंडी शिडीवर गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि दोन्ही हातांनी बोटीचं मागचं टोक लोटून धरायला लागले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एवढं ढकलायला लागलं नव्हतं, असं ते क्रेनवाल्याला सांगत होते. आत्या बोटीवर चढली. क्रेनची चिठ्ठी आणायला टिटवीला कचेरीत पिटाळलं.

कचेरीचं पुढचं दार खुर्च्यांनी अडलेलं, म्हणून ती मागच्या दाराने शिरली. कारकून कागदांत डोकं घालून बसला होता आणि त्याच्या टेबलावर, तिच्याकडे पाठ करून, एक मोडका टेबलपंखा कुरकुरत फिरत होता. इतका हळू की पातं न् पातं मोजता येईल. एका पात्यावर कुणीतरी लाल पट्टी चिकटवली होती. टिटवीने सहज पाहिलं: काट्यांच्या उलटा. मग चिठ्ठी घ्यायला ती टेबलाला वळसा घालून पुढे आली आणि पुन्हा पाहिलं.

लाल पट्टी काट्यांच्या दिशेने फिरत होती.

तिला वाटलं, कारकुनाने बटण फिरवलं. पण त्याचे दोन्ही हात कागदांवर होते. ती पुन्हा मागे गेली. उलटा. पुन्हा पुढे. सुलटा. पंखा तोच. बघणारी कुठे उभी आहे एवढाच फरक. ती इंजिनाला पाठ लावून, आतून बाहेर बघत बसली होती. पंखेवाला आयुष्यभर पंख्यांकडे मागूनच बघत आला होता, बोटीमागे उभा राहून, बोटीकडे तोंड करून. त्याच्या डाव्याचा अर्थ वेगळा होता.

म्हणजे पाती उलट्या वळणाची बसली होती, आत्या लिव्हर पुढे ढकलेल आणि बोट मागे येईल. मागे भिंत. भिंत आणि बोट यांच्यामध्ये बाबा.

कदाचित तसं नसेलही. हाच विचार तिला आधी सुचला, आणि त्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटली. कदाचित आपण आत्ता चुकतोय, आधी बरोबर होतो. सगळ्यांसमोर जाऊन काय सांगायचं, टेबलपंखा बघितला म्हणून? क्रेनवाला हसेल. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे बाबांचं आवडतं वाक्य. ती चिठ्ठी हातात धरून उभीच राहिली, किती वेळ कुणास ठाऊक, आणि तेवढ्यात बाहेर इंजिन सुरू झालं.

मग ती पळाली. दारातली बादली लवंडली, कारकून काहीतरी ओरडला. धक्क्यावरून तिला दिसलं: क्रेनचे पट्टे सुटलेले, बाबा शिडीवर वाकलेले, आत्याचा हात लिव्हरवर. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू गेली नसती. तिने सरळ बोटीवर उडी घेतली, गुडघा फुटला, आणि आत्याचं मनगट धरलं.

"आत्या, गियर टाकू नकोस."

का गं, आत्या वैतागली. क्रेनसाठी दुसरी बोट खोळंबलीय.

"पंखा उलटा आहे. मी आतून बघितला होता. मागून बघायचा असतो."

आतून बघा नाहीतर बाहेरून, पंखा काय सासुरवाशीण आहे का माहेरी एक आणि सासरी एक वागायला, असं बाबा खालून म्हणाले. आत्या हसली नाही. तिने टिटवीच्या तोंडाकडे पाहिलं, मग डोळे मिटून हवेत बोट फिरवलं, आधी एकीकडून, मग दुसरीकडून. डोळे उघडले तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"दादा, वर ये."

अगं, मी सोडलं तर बोट आदळेल.

"आदळू दे. वर ये म्हणते ना."

बाबा कुरकुरत वर आले. आत्याने पुढचे दोन दोर दोन्ही बाजूंच्या कड्यांना बांधायला लावले, घट्ट. क्रेनवाला घड्याळ बघत होता. मग आत्या बाजूला सरकली.

"तू टाक. हळूच."

टिटवीने लिव्हर धरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला मनापासून वाटलं की आपण मूर्ख ठरावं. बोट पुढे जावी, सगळ्यांनी वर्षभर चिडवावं, चालेल. तिने लिव्हर पुढे ढकलला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पायाखालची फळी थरथरली आणि बोट मागे निघाली. दोर पाणी गाळत ताणले गेले, करकरले, आणि तरीही ती हातभर मागे गेलीच. मागचं टोक शिडीवर टेकलं. आवाज फार मोठा नव्हता. लोखंडाच्या दोन पायऱ्या वेलीसारख्या आत वाकल्या.

आत्याने झडप घालून लिव्हर मधे आणला. इंजिन बंद झालं. बाबा धक्क्याच्या कडेला उभे राहून वाकलेल्या पायऱ्यांकडे बघत होते. मग ते ओल्या दगडावर बसले.

आत्याने क्रेनवाल्याला हात केला, पट्टे परत खाली सोड म्हणून. खोळंबलेल्या बोटीचा माणूस कुठवर आलं असं विचारत होता. टिटवी अजून लिव्हर धरूनच होती. सोड आता, आत्या म्हणाली. पण हात सुटेना. शेवटी आत्या तिच्याजवळ उकिडवी बसली आणि तिची बोटं एकेक करून लिव्हरवरून सोडवू लागली.