बकुळाच्या नावाचा हंडा

मी हंडा बोलतोय. तांब्याचा. बुडाला कुदळीने पाडलेलं भोक आहे, त्यामुळे गिऱ्हाईक मला हंडा म्हणत नाही, मोड म्हणतं. उल्हासनगरच्या कॅम्पात वासूमल नावाच्या सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानाबाहेर, फुटक्या पातेल्यांच्या ढिगात मी पडलो आहे. आज ही सगळी मोड हातगाडीवर लादतील, शहाडच्या नाक्यावर ट्रकमध्ये चढवतील आणि मुंबईला नेऊन वितळवतील. गाडी भरेपर्यंत थोडा वेळ आहे. तेवढ्यात एका माणसाबद्दल सांगतो. त्याचं सांगितल्याशिवाय माझं काही सांगताच येत नाही.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. ठोके खाऊन खाऊन मला पोट आलं, गळा आला, काठ आला. नगरच्या एका ख्रिस्ती बाईने मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं आणि गळ्याभोवती नाव कोरून घेतलं, 'सौ. बकुळा दौलतराव भिंगारदिवे'. नाव इतकं लांब की अर्धा गळा त्यातच संपला. शेवटी एक बारीकसा क्रूस काढला. नाव कोरणारा म्हणाला, "बाई, आता हा हंडा हरवायचा नाही." ती हसली. मलाही बरं वाटलं.

लग्नानंतर बकुळा मला घेऊन अंबरनाथला आली. तिचा नवरा दौलतराव एका कारखान्यात टर्नर होता. चाळीतल्या दोन खोल्या, बाहेर सामाईक नळ. दौलतरावाचा बाप दारू पिऊन पिऊन गटाराच्या कडेला मेला होता. तेव्हा लहानग्या दौलतरावाला मिशनच्या शाळेत ठेवलं. तिथे त्याने मनाशी जे ठरवलं ते तो पाळत आला. विडी नाही, पत्ते नाहीत, शिवी नाही, खोटं नाही. कारखान्यातून डब्यात पितळेचे तुकडे घालून आणणारे बरेच होते. दौलतराव मात्र फाटकाशी कुणी न विचारताच रिकामा डबा उघडून दाखवी. लोक त्याला 'पाद्री' म्हणत, काही जण चिडवायला, काही जण खरोखरच.

दर रविवारी आसपासची ख्रिस्ती मंडळी त्यांच्याच खोलीत उपासनेला जमत. गाणी झाली, प्रार्थना झाली की उन्हातून आलेली माणसं माझ्यातलं पाणी पीत. त्यांची मुलगी तारामती झाली, तेव्हा तिच्या बाप्तिस्म्याचं पाणीही माझ्यातूनच घेतलं. पाळकसाहेबांनी ओंजळ बुडवली तेव्हा मी अगदी स्थिर राहिलो. भांड्याला जेवढा आनंद होऊ शकतो तेवढा मला त्या दिवशी झाला.

दौलतराव चांगला होता, पण कडक होता. शेजारी पत्ते खेळताना दिसला की त्याच्याशी बोलणं बंद. एकदा बकुळा चिंचेने मला घासता घासता म्हणाली, "अहो, सगळ्यांपासून असं लांब लांब राहून कसं चालेल? आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो तो पाप्यांच्या पंगतीला बसत होता ना?"

दौलतराव डबा उचलून कामाला निघाला. पण ते त्याच्या मनात राहिलं असावं.

तेव्हा सरकारने नुकतीच दारूबंदी केली होती. दौलतरावाला आनंद झाला. त्याला वाटलं, आता कुणाचा बाप गटाराशी मरणार नाही. झालं भलतंच. उघडी दुकानं बंद झाली आणि बारवी नदीकडच्या ओहोळांतून, झाडीतून चोरट्या भट्ट्या सुरू झाल्या.

चाळीत लाकडाची मोळी विकायला सुकऱ्या नावाचा ठाकर येई. डोंगरातल्या पाड्यावरचा, काटक, लाजरा माणूस. एक दिवस तो बायकोला, जिवलीला, घेऊन आला. दोघं दाराबाहेरच उभी राहिली.

"दादा, पोर उजवायची हाय," सुकऱ्या म्हणाला. "पानी भरायला मोठा भांडा नाय. लगीन झाला का आनून देतो."

बकुळाने माझ्याकडे पाहिलं. आईची आठवण होती ना मी! पण दौलतराव उठला, मला स्वतःच्या हाताने उचललं आणि सुकऱ्याच्या डोक्यावर ठेवलं.

"सावकाश आण," तो म्हणाला. "आणि पोरीला आमचा आशीर्वाद सांग."

इतकी वर्षं लोकांपासून चार हात दूर राहिलेला हा माणूस. त्याने पहिल्यांदाच कुणाला असं जवळ केलं.

पाड्यावरचं लग्न छान झालं. रात्रभर पोरं नाचली, दमली की धावत येऊन माझ्यात तांब्या बुडवायची. तिसऱ्या दिवशी जिवलीने मला राखेने घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथला निघायचं होतं. पण संध्याकाळीच महिपती आला. त्या भागातल्या भट्ट्या त्याच्या होत्या. निम्मा पाडा त्याच्यासाठी लाकूड तोडायचा, त्यात सुकऱ्याही होता.

"हा हंडा बरा आहे," तो म्हणाला.

"शेट, परक्याचा हाय. उद्या द्याचा हाय."

"दे की. माझं काम झालं की दे." आणि मला उचलायला त्याने सुकऱ्यालाच सांगितलं.

मला कुठे नेतात ते मला ओहोळात उतरल्यावर वासाने कळलं. मोहाची फुलं कुजवून, त्यात गूळ नि नवसागर घालून केलेलं ते आंबलेलं पाणी माझ्यात ओतलं आणि खाली जाळ लावला. माझं तोंड एवढं मोठं, पण त्यातून 'नको' म्हणता येत नाही. खालून आग लावली की आतलं उकळतं. कल्हई उडाली, अंग काळं पडलं. पिणारे यायचे. त्यांत अंबरनाथच्या कारखान्यांतली माणसं असायची, पाड्यावरचीही असायची. एकदा एक बाई आपल्या नवऱ्याला ओढत नेताना मला लाथ मारून गेली. बाप्तिस्म्याचं पाणी आठवू नये असं मला वाटायचं, तेच नेमकं आठवायचं.

सुकऱ्याने दोनदा महिपतीकडे माझा विषय काढला. दुसऱ्यांदा महिपती जळतं लाकूड हातात घेऊन म्हणाला, "तुझं खोपट गवताचंच आहे ना रे?" त्यानंतर सुकऱ्याने विषय काढला नाही. अंबरनाथला मोळी विकायला जाणंही त्याने सोडलं.

मग वर्षभराने एका दुपारी धाड पडली. महिपतीला आधीच कळलं असावं, तो तिथे नव्हताच. बाकीचे पळाले. पोलिसांनी मडकी फोडली, आंबवण ओतून दिलं आणि एकाने माझ्या बुडावर कुदळ घातली. मला उलटं करून काजळी पुसताना त्याचा हात थांबला.

"हवालदारसाहेब, यावर नाव आहे."

ज्या नावामुळे मी हरवणार नव्हतो, त्या नावाने पोलिसांना थेट बकुळाच्या दारात नेलं. ते तिलाच घ्यायला गेले होते. दौलतराव म्हणाला, "तिचा संबंध नाही. हंडा मी दिला." मग त्याला आणलं. चौकीच्या कोपऱ्यात मी पडलो होतो. त्याने मला पाहिलं आणि ओळखलं.

हवालदार म्हातारा होता, वाईट नव्हता. "मिस्त्री, तुम्हाला मी ओळखतो," तो म्हणाला. "चोरीला गेला म्हणा. मी लिहून घेतो आणि तुम्ही घरी जा."

"चोरीला नाही गेला. मी माझ्या हाताने दिला."

"मग कुणाला दिला ते सांगा."

दौलतरावाने नकारार्थी मान हलवली.

"अहो, एवढीशी गोष्ट आहे!"

"चोरी म्हटलं तर ते खोटं होईल. नाव सांगितलं तर ज्याची भट्टी आहे तो सुटेल आणि ज्याला मी हंडा दिला तो गरीब मरेल. साहेब, तो स्वतः येईल. मला खात्री आहे. दोन दिवस थांबा."

मी तिथेच होतो. मला सगळं ठाऊक होतं. सुकऱ्याने मला कसं उचललं, कुणाच्या धाकाने उचललं, सगळं. साक्षीदार म्हणून माझ्याइतका पक्का कुणीच नव्हता. माझ्या काठाला 'मुद्देमाल' म्हणून चिठ्ठी बांधली, एवढीच माझी साक्ष.

कोर्टात मला टेबलावर ठेवलं. दौलतरावाने तिथेही तेच सांगितलं, हंडा मी दिला, भट्टी माझी नाही, नाव सांगणार नाही. न्यायाधीशसाहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तेवढ्यात दारात सुकऱ्या दिसला. अंगात धुतलेली बंडी होती, म्हणजे तो ठरवून आला होता. दौलतरावाचा चेहरा उजळला. सुकऱ्याने उंबऱ्यावर पाय ठेवला. मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या महिपतीच्या माणसाकडे त्याची नजर गेली, त्याने पाय मागे घेतला आणि तो निघून गेला.

दौलतरावाला काही महिन्यांची सक्तमजुरी झाली. मला बाहेर आणलं तेव्हा मंडळीतले वडीलधारे शांतवनआण्णा बकुळाला म्हणाले, "बकुळाबाई, रविवारची उपासना आता माझ्याकडे होईल. लोकांना बरं वाटणार नाही... दारूचं प्रकरण आहे."

"आण्णा, तुम्हाला तरी हे खरं वाटतं का?"

"माझ्या वाटण्याने काय होतंय?" असं म्हणून आण्णांनी छत्री उघडली, ऊन नव्हतं तरी.

पोलिसांच्या कोठीत मी बराच काळ धूळ खात होतो. मग लिलाव झाला आणि वासूमलने मला मोडीत घेतलं. हा वासूमल फाळणीनंतर घरदार सोडून आलेला. फुटक्या भांड्यांवरच त्याने पुन्हा संसार उभा केला. एका सकाळी त्याच्या दुकानाशी हातगाडी थांबली. गाडी ओढणाऱ्याला मी आधी ओळखलं नाही. केस पांढरे झाले होते. तुरुंगात जाऊन आलेल्याला कारखान्याने परत घेतलं नव्हतं. दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नाही, वासूमलने कामाला ठेवलं.

दौलतरावाने ढिगातून एकेक भांडं उचलता उचलता मला उचललं. नाव वाचलं. बोटाने क्रूस चाचपला. मग मला नाकाशी नेऊन त्याने वास घेतला आणि डोळे मिटले.

"क्या हुआ, मिस्त्री?" वासूमलने विचारलं.

"काही नाही शेठ. ओळखीचं भांडं आहे."

वासूमलने गळ्यावरचं नाव पाहिलं. तो चटकन समजला. "अरे, तो ले जाओ ना घर! पैसा कौन मांगता है?"

"नको शेठ. बकुळा आता कुठे नीट जेवायला लागली आहे. तिला हे दाखवू नका." त्याने मला हळूच परत ठेवलं, ढिगाच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही असं.

आणि आज, आत्ता थोड्या वेळापूर्वी, सुकऱ्या आला. कुणाला तरी विचारत विचारत आला असणार. खूप वाळला आहे. दौलतराव गाडीला दोर बांधत होता. सुकऱ्या त्याच्यासमोर खाली मातीत बसला.

"माजा नाव का नाय सांगितला, दादा?"

"तू येशील असं वाटलं होतं."

"आलो हुतो. दारापरेंत आलो हुतो."

"पाहिलं मी."

"पोर बाळंतपनाला आलेली हुती. खोपट जाळला असता त्याने..." सुकऱ्याने हात जोडले. "तू देवाचा मानूस हायेस. मना माफ कर. येकदा म्हन."

दौलतरावाने दोराची गाठ हातात तशीच धरली.

"नाही म्हणता येत, सुकऱ्या," तो म्हणाला. "म्हटलं तर ते खोटं होईल. रोज गुडघे टेकतो, तुझ्यासाठी प्रार्थना करायची म्हणून तोंडाने तुझं नाव घेतो आणि आत नुसता जाळ होतो. तुरुंगात वाटायचं, सगळं गेलं तरी निदान मी स्वच्छ आहे. आता तेही वाटत नाही. तुला जाऊन मारावं असं कितीदा मनात आलं, तुला काय सांगू!"

"मंग मार."

"तेही जमत नाही."

सुकऱ्या रडायला लागला. दौलतराव रडला नाही. त्याने गाठ आवळली, मला सगळ्यांच्या वर ठेवलं आणि दांडी उचलली.

आता आम्ही निघालो आहोत. शहाडकडचा रस्ता खडीचा आहे, पुढे चढ आहे. चढावर गाडी अडली. दौलतरावाचे पाय घसरायला लागले, मानेच्या शिरा ताठल्या. तेवढ्यात मागून गाडीला जोर लागला. मी वर आहे, मला दिसतं. सुकऱ्याने मागच्या फळीला खांदा लावला आहे. दौलतरावाने वळून पाहिलं. 'ये' म्हणाला नाही, 'जा' म्हणाला नाही. पुन्हा पुढे तोंड करून ओढायला लागला.

ट्रक दिसतो आहे. माझं आता काय होईल, तार होईल की आणखी कुणाच्या लग्नातलं भांडं, मला माहीत नाही, आणि ते माझ्या हातात कधीच नव्हतं. दौलतराव मात्र इथेच राहणार आहे. असं निर्मळ जगू पाहणारा, दमलेला माणूस तुम्हाला कुठल्या चढावर भेटला, तर कृपा करून त्याला चार शब्द शिकवायला जाऊ नका. त्याच्या गाडीला मागून हात लावा.