दोघांचंही थोडं थोडं चुकलं

आमचं चष्म्याचं दुकान तिघांचं. पुढे काउंटरवर माझा मेव्हणा, मागे काचा घासून फ्रेममध्ये बसवायला माझा थोरला भाऊ, आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासायला मी. दिवसभर काचा बदलत लोकांना विचारायचं, ही बरी की ती? निम्मे लोक म्हणतात, दोन्ही सारख्याच. मला अशी माणसं आवडतात.

निवडणूक जाहीर झाली आणि दादाच्या आणि मेव्हण्याच्या अंगात आलं. एक या पक्षाचा, दुसरा त्या पक्षाचा. दोघांनी बोलणंच टाकलं, निरोप सगळे माझ्यामार्फत. दादाशी चार शब्द बोललो की मेव्हणा म्हणायचा, तुम्ही तिकडचेच. मेव्हण्याशी हसलो की दादा म्हणायचा, लागला सासरचा गुण. अरे, मला दोघांचंही थोडं थोडं पटायचं! पण तसं म्हटलं की दोघांनाही माझी कीव यायची.

मग कळलं, मेव्हण्याने समोरच्या गल्लीत स्वतःसाठी गाळा बघितलाय. दादा गिऱ्हाइकाशी बोलला तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि मला अंधाराबाहेर काही सुचत नाही. मेव्हणा गेला की दुकान बसलंच. बायकोने बजावलं होतं, माझा भाऊ दुखावून गेला तर मी आहे आणि तुम्ही आहात.

तशात एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका तणतणत आल्या. मागितला होता लांबचा चष्मा, मिळाला जवळचा. तो घालून त्यांनी रस्त्यात पोस्टाच्या पेटीला तब्येत विचारली होती. मी लिहून दिलेल्या कागदावर दोन्ही नंबर होते. कोणता करायचा ते मेव्हण्याने सांगायचं, पण तो बोलेना. दादा विचारेना, त्याने आपला अंदाजाने एक केला. निरोप्या तेवढा जेवायला गेला होता.

"चूक कोणाची?" बाईंनी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी घसा खाकरला.

"दोघांचंही थोडं थोडं चुकलं."

झालं! दोघं एकदमच उसळले. दादा म्हणाला, याला लहानपणापासून कणा नाही. मेव्हणा म्हणाला, माझ्या बहिणीला होकार द्यायलाही यांनी वर्ष लावलं. दादा त्याला म्हणाला, अगदी बरोबर बोललास. कित्येक आठवड्यांत दादाने त्याला पहिल्यांदाच काही म्हटलं होतं. बाईंनीही मान डोलावली.

मग दोघांनी मिळून बाईंचा चष्मा नीट केला. मधे चहा मागवला, तिघांपुरता, आणि तिसरा कप बाईंना दिला. चहा पिता पिता मेव्हण्याने गाळेवाल्याला फोन लावला.

"गाळा राहू द्या. दादांना इथे या माणसाच्या भरवशावर कसं सोडू?"

मला संताप आला आणि हायसंही वाटलं. त्यातलं जास्त काय, ते विचाराल तर दोन्ही सारखंच.