अंगी लागणारं खाणं

मी पस्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. म्हणजे सुई डॉक्टरांनी द्यायची आणि लाथ मी खायची. म्हैस अडली, गाय फुगली, की आमच्या किन्हीराजा गावाच्या आसपासची माणसं आधी माणिकराव कुठं आहे ते विचारायची आणि मग डॉक्टरांचं नाव घ्यायची. हे मी मुद्दाम फुशारकीनं सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ या फुशारकीनंच घातला.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी मुलगी पल्लवी पुण्याहून परत आली. तिथं ती पाळीव प्राणी वाढवणाऱ्या एका केंद्रात चार वर्षं कामाला होती. येताना तिच्याकडे टणक प्लास्टिकची एक निळी, चाकांची बॅग होती आणि जाळीचं झाकण असलेली एक पेटी. बॅग तिनं पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी केली. पेटी उघडली, तर आत पाच पांढरे उंदीर. एक नर, चार माद्या.

"हे विकायचे हायेत," ती म्हणाली. "म्हणजे ह्यांची पिल्लं. लोकं पाळतात, बाबा. लेकरं खांद्यावर घेऊन फिरतात."

आता मी शेतकऱ्याच्या पोटचा. घरच्या तीन एकरांतलं सोयाबीन पोत्यात पडलं की उंदरांशी आमचं युद्ध सुरू व्हायचं, आणि त्या युद्धात मी कुणाला कधी जीवदान दिलेलं नाही. पण बायको जाऊन तीन वर्षं झाली होती आणि घरात बोलायला माणूस नव्हतं. पोरीनं वाघ आणला असता तरी मी त्याला दूध पाजलं असतं.

पल्लवीनं मागची न्हाणीघराशेजारची खोली धुतली, चुना मारला, पिंजरे मांडले. अकोल्याला किसनसिंग म्हणून एक पाळीव प्राण्यांचा दुकानदार आहे, त्याच्याशी बोलणं झालं होतं. पाच आठवड्यांची वीस धट्टीकट्टी पिल्लं दाखवा, पसंत पडली तर दर महिन्याला घेतो, असा त्याचा शब्द होता. हातात घेतल्यावर हाडं लागली नाही पाहिजेत, एवढी एकच त्याची अट.

आणि पल्लवीची अट वेगळी होती. ती मला चहा पिताना तिनं सांगितली. "पुण्याची जागा त्यांनी दोन महिने ठेवतो म्हटलं. पिल्लांचं पयलं वेत नीट निघालं तं मी इथंच राह्यतो. नाही निघालं तं जातो, बाबा. चार वर्षाचं शिकलेलं वाया नाही घालवत."

मी मान हलवली. राहा म्हणालो नाही. आमच्यात बापानं पोरीला असं म्हणायची पद्धत नाही, निदान मला ती जमत नाही. पण ती बॅग तिनं पूर्ण रिकामी केलेली नाही, हे मी रोज येता-जाता पाहत होतो. कपडे काढायची, धुवायची, घडी करून परत बॅगेतच ठेवायची.

सुरुवातीला उंदरांना पुण्याहून आणलेलं गोळीखाद्य होतं. ते संपत आलं आणि नवं कुरियरनं मागवायचं तर परवडेना. म्हणून आम्ही दोघं आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावला, खाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदार फुलचंद माझा जुना ओळखीचा. मी म्हणालो, "उंदरांसाठी काहीतरी दे." त्यानं काही न विचारता उंदीर मारायच्या औषधाची पुडी पुढं केली. पल्लवी रस्त्यावर येऊन हसली, इतकी हसली की रसवंतीवाला बघायला लागला. तिला तसं हसताना मी तिच्या आईच्या माघारी पहिल्यांदाच पाहत होतो.

पण दुकानात ती एकेका पोत्यापाशी थांबून नीट बघत होती. सरकीची ढेप नको म्हणाली, उंदराला ती सोसत नाही. कोंबडीचं खाद्य नको, त्यात औषधं मिसळलेली असतात. कुत्र्याची बिस्किटं महाग. शेवटी तिनं घरचाच हिशेब बसवला. ज्वारी आणि गव्हाचा भरडा, त्यात फुटाण्याचं पीठ, थोडी दुधाची पावडर, अंड्याची टरफलं वाटून, चमचाभर तेल. कणीक मळल्यागत मळायचं, वड्या थापायच्या, उन्हात कडक वाळवायच्या. मादी गाभण असली आणि पुढं पिल्लं पाजायला लागली, की फुटाण्याचं पीठ वाढवायचं. त्या पिठातच सगळी ताकद आहे, असं तिनं मला दोनदा बजावलं.

मला ते आवडलं. गाभण गाईचा खुराक वाढवतात तसंच ते होतं. मी वड्या थापायला लागलो. उंदरांसाठी वड्या थापणारा रिटायर ड्रेसर, असं गाव म्हणत होतं ते मी ऐकून घेतलं.

चारही माद्या गाभण राहिल्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात फुटाण्याचं पीठ संपलं. पल्लवी जाळीच्या कामासाठी वाशीमला गेली होती. फुटाणे आणायला मालेगावला जावं लागलं असतं, आणि ते दिवसेंदिवस महाग होत चालले म्हणून तिची कुरकुर मी ऐकत होतो. माझ्या डोळ्यांसमोर सोयाबीनची सात पोती उभी होती. ताकदीचं म्हणाल तर सोयाबीनसारखं दुसरं धान्य नाही, हे आम्हाला कृषी सहायकापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलेलं. मी पायलीभर सोयाबीन गिरणीवर नेलं आणि दळून आणलं. पीठ पिवळं, फुटाण्याचंही पिवळं. डब्यात ओतलं आणि झाकण लावलं.

पल्लवीला सांगितलं नाही. पिल्लं चांगली टम्म झाली की मग सांगू, पोरगी म्हणेल बाबांना कळतं, असा माझा विचार होता. तिच्यापुढं शहाणं ठरायची मला हौस होती, दुसरं काही नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या जिल्ह्यात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन आहे, पण आमच्या घरात ते ताटात आलेलं मला आठवत नव्हतं. पेरायचं, कापायचं, मळणीयंत्रातून काढायचं आणि मार्केटला नेऊन टाकायचं. ते शिजवतात, भाजतात की कच्चं खातात, याचा आम्ही कधी विचारच केला नाही. सोनाराच्या दुकानातल्या शिपायाला सोन्याची जेवढी चव ठाऊक, तेवढी मला सोयाबीनची.

पिल्लं झाली, चौतीस. गुलाबी, शेंगदाण्याएवढी. मी आयुष्यात शेकडो वासरं हातानं ओढून काढली, पण या चिमुकल्यांना बोट लावायचं धाडस मला होत नव्हतं. पल्लवी रोज सकाळी लहान काट्यावर एकेकाला तोलायची आणि वहीत लिहायची. पहिले चार दिवस तिचा चेहरा ठीक होता. पाचव्या दिवशी तिनं काटा बंद करून परत चालू केला. आठव्या दिवशी दोन पिल्लं गेली, नवव्या दिवशी आणखी एक.

अकराव्या दिवशी ती वही घेऊन माझ्यापुढं बसली. "वीस ग्रॅमच्या वर पाह्यजे होते, बाबा. बारा भरून राह्यले. माद्या खातात, चांगल्या पोटभर खातात, तरी दूध नाही अन् पिल्लं वाढत नाहीत. मलेच येत नसन. पुण्यात सगळं तयार भेटे, म्हणून वाटे का आपल्याले येते."

मग ती उठली, बॅगेपाशी गेली आणि दोरीवरचे वाळलेले कपडे त्यात भरायला लागली. पुण्याला फोन उद्या करते म्हणाली. मी ओसरीवर येऊन बसलो. पीठ बदलल्याचं मनात आलं, नाही असं नाही, पण सोयाबीन वाईट कसं असेल, म्हणून मी तो विचार बाजूला ढकलला.

दुपारी माझी थोरली बहीण गंगूआक्का आली. ती शेजारच्याच गल्लीत राहते. तिच्या नातवाच्या मुलीचं त्या दिवशी नाव ठेवलं होतं आणि ती वाटीभर शिजवलेल्या घुगऱ्या घेऊन आली होती. आक्काची एक सवय आहे, पंचाहत्तरीतही सुटलेली नाही. दुसऱ्याच्या घरात जे काही मळलेलं, भिजवलेलं, वाटलेलं दिसेल, ते चिमूटभर तोंडात टाकून बघायचं. मी वड्यांसाठी मळलेला गोळा परातीत होता. तिनं चिमूट तोडली, तोंडात टाकली आणि तिथंच थुंकली.

"हे काय हाये गा, माणिक?"

"उंदराचं खाणं," पल्लवी आतून म्हणाली. "फुटाण्याचं पीठ हाये, आत्या."

"फुटाण्याचं नाही हे. मी काय आज पयल्यांदा फुटाणे खाल्ले? हे कच्चं सोयाबीन हाये. एका साली आपल्या मायनं ह्याच्या भाकरी केल्या होत्या, आठवते का तुले, माणिक? घरभर हगवण लागली होती. मंग शेजारच्या किसनाबाईनं सांगतलं का हे शिजवल्याबिगर अंगी लागत नाही. आता ह्या बाळंतिणीच हायेत न? बाळंतिणीले कोणी कच्चे दाणे देते का? घुगऱ्या काहून करतात मंग?"

पल्लवी बाहेर आली. तिनं परातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला खोटं बोलता आलं असतं. गिरणीवाल्यावर ढकलता आलं असतं. पस्तीस वर्षांत डॉक्टरांच्या चुका मी अंगावर घेतल्या होत्या, स्वतःची एक कबूल करायला एवढं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

"मी बदललं," मी म्हणालो. "तुह्या पिठाच्या जागी सोयाबीन दळून टाकलं. तुले सांगतलं नाही. तुही काई चूक नाही, पल्लवी. ते तीन पिल्लं माह्या हातानं गेले."

मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती आत गेली, बॅगेतून मोबाईल काढला आणि पुण्यातल्या तिच्या जुन्या मॅडमना फोन लावला. पाच मिनिटं बोलली. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कामाचा होता.

"कच्च्या सोयाबीनमंधी एक असं द्रव्य असते का ताकद पोटात जाते पण पचत नाही. उकळलं का ते मरते. आत्या बरोबर बोलून राह्यली." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अन् शिजवलेलं सोयाबीन फुटाण्याहून सरस हाये म्हणे. भिजत घाला, बाबा. मोठ्या गंजात."

मी घाईनं उठून मोठं पातेलं उचललं. "उद्या फोन करतो म्हणत होती न तू?"

"आधी गंज ठेवा."

त्या संध्याकाळी भिजलेलं सोयाबीन मी चुलीवर अर्धा तास चांगलं उकळलं. आक्का शेजारी बसून लाकडं सारत होती आणि माझ्या अकलेचा उद्धार करत होती. सोयाबीन सुकून पीठ होईस्तोवर दम कुणाला होता. पल्लवीनं शिजलेले दाणेच ठेचले आणि आक्काच्या घुगऱ्यांत कालवून माद्यांना दिले. चारही जणी दोन्ही हातांनी धरून खायला लागल्या. आक्का म्हणाली, "पाचवीले द्यायचं ते अकराव्या दिवशी भेटलं, पण भेटलं."

पुढं रोज तेच. मी उकळायचो, पल्लवी सुकवून दळायची, वड्या दोघं मिळून थापायचो. माझ्यावरचा तिचा राग आठवडाभर टिकला. ती 'बाबा' न म्हणता बोलायची, मीठ द्या, परात द्या. पण चौदाव्या दिवशी पिल्लांनी डोळे उघडले तेव्हा तिनं मला हाक मारली. "बाबा, या इकडं." सतराव्या दिवशी एक पिल्लू स्वतःहून वडीपाशी गेलं आणि तिच्यावर चढून बसलं. खायची अक्कल त्याला अजून नव्हती. मी तासभर तिथून हललो नाही.

सगळी काही भरून निघाली नाहीत. आणखी एक गेलं. पाच-सहा अखेरपर्यंत लहानखुरीच राहिली. पुण्याला काय कळवलं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. बॅग कोपऱ्यातच होती.

पाच आठवडे झाले तेव्हा किसनसिंग स्वतः गाडी घेऊन आला. अंगानं आडवा, हळू बोलणारा माणूस. तो खाली मांडी घालून बसला आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन अंगठ्यानं पाठ चाचपायला लागला. मी दारात उभा होतो. त्याचा अंगठा कुठल्या पाठीवर थांबतो, तेवढंच बघत होतो. त्यानं वीस बाजूला काढली. एक परत ठेवलं, दुसरं घेतलं.

"खाना क्या देते हो इनको?" त्यानं विचारलं.

पल्लवी म्हणाली, "घरचंच हाये. सोयाबीन, ज्वारी, गहू. बाबा बनवतात."

"अच्छा है. अगले महीने तीस रखना," तो म्हणाला आणि पेटी उचलून निघाला.

गाडी वळणाआड गेली. मी आत आलो तर पल्लवीनं बॅग आडवी पाडून उघडली होती. कपडे सगळे खाटेवर. ही आता पुन्हा नीट भरायला बसली असं मला वाटलं.

"पुण्याले कळवलं का?" मी शेवटी विचारलंच.

"सोयाबीन उकळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. येत नाही म्हणून." तिनं रिकाम्या बॅगेत फडकं फिरवलं. "आता तीसचा खुराक म्हणजे डबे पुरत नाहीत, अन् गावठी उंदीर रात्री वड्या नेऊन राह्यले. ही टणक हाये, चेनही पक्की लागते. वड्या इच्यात भरा."

"अन् तुहे कपडे?"

"आईच्या कपाटात ठेवतो," ती म्हणाली. "ते कधीचं रिकामंच हाये न."

मी परात घेतली आणि बॅगेत वड्या भरायला लागलो. एकावर एक, नीट थर लावून, अगदी तळापासून. भरून झाल्यावर चेन तिनंच लावली.