धडधाकट कारखाना

"सगळंच पुसून सोडू नका हो! स्वल्प गंज राहू दे की!"

कस्तुरीअक्का शेडच्या दारात कमरेवर हात ठेवून ओरडत होती आणि तिचा नवरा विठोजी डिझेलचा बोळा घेऊन लेथच्या पायाशी उकिडवा बसला होता.

"गंज? माझ्या मशीनवर? तेबी आयुधपूजेला?"

"सायेब यायचाय आज. आजारी कारखाना बघाय येतोय तो. तुम्ही असं नवरीगत सजवून बसल्यावर आजार कुठला दिसायचा त्याला?"

"आजारी माणसाला काय अंघोळ घालत न्हाईत होय?" विठोजी म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

मी समोरच्या कट्ट्यावर बसून ऐकत होतो. मला वेळच वेळ. माझं ड्रिलिंगचं शेड दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. आता तिथं ऑनलाइनवाल्यांचे खोके ठेवतात, आणि मालक असून मला आत जायचं तर गळ्यात कार्ड अडकवावं लागतं. म्हणून बाहेर बसतो.

बोम्मसंद्र्याच्या मोठ्या कारखान्यांच्या पाठीमागं, जिथं डांबर संपून तांबडी माती सुरू होते, तिथं आमचं गाव, हुणसेपाळ्या. आमच्या बापजाद्यांनी इथं नाचणी पिकवली, शेवंती लावली. कारखाने आले तेव्हा आम्ही गुरं विकून लेथ आणले आणि दावणीच्या जागी बसवले. आमच्या गल्लीत अशी चौदा शेडं होती. सकाळी सात वाजता सगळी सुरू झाली की बायका एकमेकींशी खुणांनी बोलायच्या, इतका आवाज. आता दोनच उरली होती. एक विठोजीचं आणि एक समोरच्या शामसुंदरचं.

विठोजी बोअरच्या पंपांचे बुश कातायचा. बुश म्हणजे पंपाच्या दांड्याभोवतीची धातूची नळी. ती झिजली की पंप थरथरतो, मग अडकतो. एक मोठी कंपनी त्याच्याकडून ते करून घ्यायची. तिनं सांगून टाकलं होतं की संक्रांतीपर्यंत कॉम्प्युटरचं नवं मशीन घ्या, नाहीतर काम दुसरीकडे देतो. विठोजीच्या ऐपतीत ते मशीन नव्हतं. तेवढ्यात सरकारनं आजारी कारखान्यांना हात द्यायची योजना काढली. ज्या भागात कारखाने फार बुडतात, तिथल्या चालू पण आजारी शेडाला नवं मशीन मिळणार. आधी एक साहेब येऊन आजार तपासणार. म्हणजे विठोजीचं शेड राहणार की त्यातही खोके येणार, हे त्या एका साहेबाच्या पेनावर येऊन ठेपलं होतं.

आणि या शहाण्यानं त्याच दिवशी शेडाला चुना मारला. शेजारच्या देवाप्पाच्या मळ्यातून टोपलीभर शेवंती आणली. दाराला केळीचे खुंट बांधले, लेथला हळदीकुंकू लावलं, माळा घातल्या, उंबऱ्यावर कोहळा फोडला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर शेड देखणं दिसत होतं.

सुट्टी दुसऱ्या दिवशी होती, पण शेडांची पूजा आम्ही आदल्या दिवशीच करतो. पूजा झाली की हत्यारांना विश्रांती. विजयादशमी होईपर्यंत पान्यालासुद्धा कुणी हात लावत नाही. ही आमच्या बापांपासूनची चाल. साहेब तीन वाजता आला, तोवर मशीन पूजा घेऊन गप्प झालेलं होतं.

साहेबाचं नाव गिरीधर. शहरातल्या चामराजपेटेतला, घरात मराठी बोलणारा. त्यामुळे कस्तुरीअक्काला उगीच धीर आला होता. "आपलाच माणूस हाय," ती सकाळपासून म्हणत होती. आपला माणूस जीपमधून उतरला तेव्हा मागच्या सीटवर कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांच्या पिशव्या, केळ्यांचे घड आणि मिठाईचे डबे छताला टेकले होते. वाटेतल्या प्रत्येक शेडातनं पूजेचा प्रसाद गोळा करत आला होता गडी. ओठाला पेढ्याचा चुरा तसाच.

तो आधी शामसुंदरकडे गेला.

"मशीन चालू करून दाखवा."

"पूजा झाली सर," शामसुंदर म्हणाला. "आता दसऱ्यानंतर. शुक्रवारी सकाळी या, दिवसभर चालवून दाखवतो."

"शुक्रवारी मी दुसऱ्या तालुक्यात. आत्ता चालतंय का, सांगा."

"आत्ता न्हाई सर. देवीचं..."

"सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून गिरीधरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि कडलेपुरीची पिशवी घेऊन बाहेर पडला. त्यानं काय लिहिलं ते मी मान लांब करून वाचलं. 'बंद' असं लिहिलं होतं. तीस वर्षं चाललेलं शेड दोन अक्षरांत संपवलं आणि वर पिशवी जीपमध्ये टाकताना केळी चेंगरली म्हणून ड्रायव्हरला बोलला.

मी धावत विठोजीकडे गेलो. "चालू कर बाबा. काय बी कर. शाम्याला बंद म्हणून लिवलं त्यानं."

विठोजीचा चेहरा उतरला. तो माळ घातलेल्या लेथकडे बघत उभा राहिला. साठीचा माणूस, मला त्याच्याकडे बघवेना.

"मशीन चालू करा," गिरीधर दारातनंच म्हणाला.

विठोजी हलला नाही. कस्तुरीअक्का पुढं झाली. तिनं लेथला हात जोडले, काम धरून फिरवणाऱ्या चकातली माळ भराभर सोडवून ओटीत घेतली. "देवीला मी सांगते काय ते," ती म्हणाली, "पाप माझं." आणि तिनं हिरवं बटण दाबलं. चकाला राहिलेल्या दोन पाकळ्या उडून साहेबाच्या शर्टावर चिकटल्या.

इथवर ठीक होतं. आता विठोजीनं काय करायचं? जरा खरखर आवाज येऊ द्यायचा, खोकायचं, मशीन म्हातारं झालंय म्हणायचं. मी मागून खुणा करत होतो. पण मशीन फिरायला लागलं आणि याच्या अंगात आलं. धातूच्या दांड्याचा तुकडा चकात बांधला, हत्यार लावलं, आणि दहा मिनिटांत असा बुश कातला की त्यात मिशी बघून घ्यावी. मापलं, फुंकर मारली, गरम गरम साहेबाच्या तळहातावर ठेवला.

"केसाएवढा फरक न्हाई निघायचा सायेब. या जुन्या मशीनवर, बरं का. फक्त हातानं."

"सुपर!" गिरीधर म्हणाला. त्यानं चुन्याकडे पाहिलं, केळीकडे पाहिलं, कस्तुरीअक्कानं दिलेला डबा घेतला आणि कागदावर लिहून निघून गेला.

"आवडलं त्याला," विठोजी आनंदानं म्हणाला.

"आवडलंच की," कस्तुरीअक्का म्हणाली. "आजारी म्हणून दाखवाय आणलेल्या माणसानं वैद्यापुढं जोरबैठका काढल्या. आता औषध कोण देतंय?"

ती रडत नव्हती. शिव्या देत ती माळ पुन्हा चकाला बांधत होती.

डिसेंबरात सगळ्या शेडवाल्यांना शहरातल्या एका हॉलमध्ये बोलावलं. आत एवढा थंडगार कारभार की देवाप्पानं कानाला मफलर गुंडाळला. त्याला शेडाशी काही देणंघेणं नव्हतं, जेवण आहे कळलं म्हणून तो आला होता. मीही त्याच कामाला आलो होतो.

भिंतीवर मोठा तक्ता उमटला. गिरीधर काठी घेऊन उभा.

"गेल्या वर्षी तुमच्या भागात एकेचाळीस युनिट बंद पडले. यंदा फक्त नऊ! बघा, रेषा कशी खाली येतेय. परिस्थिती सुधारली. म्हणून हा भाग आता योजनेच्या यादीतून बाहेर आलाय. अभिनंदन!"

पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत सगळे त्याच्या ऑफिसातलेच होते.

मला राहवेना. मी उठलो. "सायेब, आमच्या गल्लीत चौदा होते. बारा आधीच मेले. मेलेलं परत कसं मरंल? म्हणून आकडा उतरला तुमचा. पुढच्या वर्षी एकबी बंद पडायचा न्हाई बघा, कारण पडायला कोण उरणारच न्हाई. मग काय, पेढे वाटणार?"

"तुमचं युनिट?"

"बंद."

"मग बसा अण्णा. ही सभा चालू युनिटांची आहे."

शामसुंदर उठला. "त्या नऊंतला एक मी. पण माझं चालू हाय सर. आज सकाळीसुद्धा..."

"रेकॉर्डला बंद आहे. बंद युनिटला योजनेत घेता येत नाही. बसा."

इतका निर्मळ मूर्खपणा मी जन्मात पाहिला नव्हता. त्यात कुठं कपट असतं तर भांडता तरी आलं असतं. गिरीधरला खरोखरच आनंद झालेला होता.

मग त्यानं विठोजीचं नाव पुकारलं. बिचारा चप्पल सावरत धावला. त्याला वाटलं, मशीन. वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला, अंगावर शाल टाकली, आणि हातात एक सन्मानचिन्ह दिलं. लाकडी पाट, त्यावर मनगटाएवढा जाड, भरीव पितळी खांब, वरती छोटं चाक. खांबावर कोरलेलं होतं, 'यशस्वी उद्योजक'.

"सायेब," विठोजी हळूच म्हणाला, पण माईक चालू होता, "मशीनचं काय झालं?"

"मशीन आजाऱ्यांना, विठोजीराव. तुम्ही तर धडधाकट! मी स्वतः बघितलंय की." आणि फोटोसाठी त्याचा खांदा दाबून धरला.

येताना बसमध्ये विठोजी पेटा मांडीवर घेऊन बसला होता. देवाप्पानं खिशातनं चार जिलब्या काढून त्याला एक दिली. "होगली बिडी अण्णा," तो म्हणाला. जाऊ दे म्हणाला. विठोजीनं जिलबी घेतली आणि हातातच ठेवली.

संक्रांत झाली. कंपनीनं सांगितल्याप्रमाणे काम काढून घेतलं. सांगितलेलं पाळणारी तेवढी एकच जात मी या सगळ्यात पाहिली. शामसुंदरनं शेड उपसलं आणि खोकेवाल्यांना दिलं, म्हणजे रेकॉर्ड अखेर खरं झालं. खोकेवाल्यांचा माणूस विठोजीकडेही येऊन टेपनं भिंती मोजून गेला. विठोजीनं त्याला ना हो म्हटलं ना नाही.

मार्चात ऊन पेटलं. तांबडी धूळ गुडघ्यापर्यंत उडायची, पाखरं चिंचेच्या सावलीत चोची उघडून बसायची. देवाप्पाच्या मळ्यात उगादीसाठीची, म्हणजे पाडव्याची शेवंती कळीवर आली होती आणि तेव्हाच त्याचा पंप बसला. वर ओढून काढला तर बुश पार झिजलेला. पंप जुना, कंपनीनं ते माप बनवणं सोडून दिलेलं. शहरात चिकपेटेत चार दुकानं फिरून तो रिकाम्या हातानं आला आणि थेट विठोजीच्या शेडात येऊन जमिनीवर बसला.

"दोन दिवस अण्णा. दोन दिवसांत पानी न्हाई दिलं तर सगळी कळी गळून जातीय."

विठोजीनं झिजलेला बुश बोटांत फिरवला. "करतो की. पर धातू कुठाय? काम गेल्यापासून मी एक दांडा आणला न्हाई." तो कोपऱ्यातला भंगाराचा डबा उपसायला लागला. त्यात कामाचं काहीच नव्हतं.

कस्तुरीअक्का आत गेली. बाहेर आली ती फळीवरचं सन्मानचिन्ह घेऊन. पाटापासून खांब उपटायला तिनं पाय देऊन जोर लावला, तेव्हा आम्हाला कळलं.

"अगं ए!"

"काय अगं? तो काय देव्हाऱ्यातला हाय? पितळ बघा कसं भरीव हाय."

विठोजीनं खांब हातात घेतला. नखानं टिचकी मारली, वजन पाहिलं. त्याच्या तोंडावर दसऱ्यापासून न दिसलेलं काहीतरी दिसलं. "गनमेटल पायजे होतं खरं," तो म्हणाला, "पर वरीसभर निघंल."

त्यानं वरचं चाक कापून फेकलं, खांब चकात बांधला आणि बटण दाबलं. पहिल्याच फेऱ्याला 'उद्योजक' गेलं. 'यशस्वी' जरा खोल कोरलेलं होतं, त्याला दोन फेरे लागले. पितळेचा पिवळा कीस पायाशी पडत होता आणि मी लहान मुलासारखा हसत होतो. देवाप्पाला का हसतो ते कळेना, पण तोही हसला.

संध्याकाळी पंप खाली सोडला. पाइपातनं आधी वारा आला, मग गढूळ, आणि मग पाणी. देवाप्पानं तिथंच तोंड धुतलं. दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या पाच गावांतले लोक आपापले अडलेले पंप घेऊन विठोजीच्या दारात यायला लागले. कंपनीचं काम होतं तेवढं हे नव्हे. पण सकाळी सातला गल्लीत एक आवाज सुरू झाला. खोकेवाल्यांचा माणूस टेप घेऊन परत आला, तेव्हा कस्तुरीअक्कानं त्याला दारातनंच वाटेला लावलं.

एप्रिलात गिरीधर पुन्हा उगवला. बरोबर फोटोवाला. योजनेच्या यशाचं पुस्तक छापायचं होतं म्हणे, आणि पहिल्या पानावर विठोजी.

"विठोजीराव, पेटा घाला. आणि ते सन्मानचिन्ह हातात धरा. कुठंय ते?"

विठोजी लेथवर वाकलेला होता, त्याचं काम मध्येच थांबवण्यासारखं नव्हतं. कस्तुरीअक्का चुलीवरनं आंबील उतरवत होती. तिनं गरम भांडं त्या लाकडी पाटावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि मळ्याकडे बोट केलं. तिकडे देवाप्पाच्या वाफ्यात पाणी चाललं होतं.

"त्या बोअरमध्ये, सातशे फूट खाली हाय," ती म्हणाली. "काढायचं न्हाई हं सायेब. कामावर हाय ते."