आवाज नाही

आमचे हे कारखान्यात सुरुंगाची दारू तपासायचे. चिमूटभर दारूवर दोन किलोचं वजन ठरलेल्या उंचीवरून सोडायचं, बारीक, टोकदार आवाज येतो का ते कान देऊन ऐकायचं आणि वहीत ‘आवाज’ किंवा ‘आवाज नाही’ लिहायचं. थोड्या उंचीवरूनच आवाज आला तर तो माल धोक्याचा, बाहेर जायचा नाही. वीस वर्षं हेच काम.

एक्याण्णव साली आम्ही भाईंदरला राहायला आलो. एका रविवारी यांना कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सांगून मी केबिन रोडला भाजीला गेले. परतले तर जिन्यातच शिट्टी ऐकू आली. हे कुकरसमोर पेपर वाचत बसलेले.

“किती झाल्या?”

“अजून एकही नाही.”

तेवढ्यात पुन्हा शिट्टी झाली. यांनी मान वर केली नाही.

“बहिरे झालात की काय? आत्ता झाली ती कोणाच्या घरची?” मी वैतागून म्हणाले.

हे उठून कुकरपाशी उभे राहिले. माझं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, पण पुढची शिट्टी झाली तेव्हा तिचा बारीक सूर आला नाही, नुसती वाफ दिसली. मग खालीच बसले.

“गेल्या महिन्यात खाणीत आमच्या दारूची पेटी पडून स्फोटात दोघं गेले,” ते म्हणाले. “त्या मालाच्या पानावर मी वरपासून खालपर्यंत ‘आवाज नाही’ लिहिलंय.”